अपघात, दृष्ट आणि अदृष्ट

'ॲक्सिडेंट' हा शब्द मराठी बोलण्यात आता इतका रुळला आहे की, ज्या घरात इंग्रजीचे एक अक्षरही कोणाला वाचता येत नाही, त्या घरातही महामार्गावरची वाईट बातमी याच शब्दाने पोहोचते. त्यानंतर पोलीस ठाण्याच्या दफ्तरात त्याच घटनेची 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद होते. चालकाचा कसूर दिसून आला तर फिर्यादीत 'हयगयीने व निष्काळजीपणाने' हे ठरीव शब्द दाखल होतात. आणि सांत्वनाला जमलेली माणसे खाली मान घालून 'त्याची वेळच भरली होती' असे म्हणतात. जो त्याच गाडीतून खरचटून बाहेर पडला, त्याच्याविषयी 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' असे बोलले जाते. एकाच घटनेची ही वर्णने आपण एकाच दिवशी, एकाच ओसरीवर बसून करतो, आणि त्यांतले एक मनुष्याकडे बोट दाखवते तर दुसरे दैवाकडे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. अपघाती मृत्यूचे उत्तरदायित्व दैवाकडे किती आणि मनुष्याकडे किती, हा प्रश्न वाहतूक खात्यावर सोपवून मोकळे होण्यासारखा नाही. तो धर्मविचाराचा प्रश्न आहे, आणि आपल्या पूर्वसूरींनी त्याचा विचार आजच्या सांत्वनपर बोलण्यापेक्षा कितीतरी अधिक काटेकोरपणे केला होता, असे माझे मत आहे.

आकस्मिक घटना म्हणजे काय, याचे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातले प्रसिद्ध विवेचन ॲरिस्टॉटलचे आहे. झाड लावण्यासाठी खड्डा खणणाऱ्या मनुष्याला पुरलेले धन सापडते. खणण्याला कारण होते, धन पुरण्यालाही कारण होते, परंतु त्या दोन कारणपरंपरांची गाठ पडावी यासाठी तिसरे कारण कोठेही नव्हते. आपल्याकडे हाच विचार काकतालीय न्यायाने सांगितला जातो: कावळा ताडावर येऊन बसतो आणि त्याच क्षणी ताडफळ खाली पडते. मराठीने हा न्याय आपलासा करताना त्यात एक अर्थपूर्ण फरक केला. 'कावळा बसायला अन् फांदी तुटायला' असे आपण म्हणतो. फळ पिकून पडणे हा फळाचा स्वभाव आहे. फांदीचे तुटणे तसे नाही, ती आतून पोखरलेली असावी लागते. कावळा नेमका त्या क्षणी आला, एवढाच भाग योगायोगाचा; फांदी कधीपासून किडली होती आणि तिच्याखालून रोज जाणाऱ्यांपैकी कोणी वर पाहिले होते काय, याला योगायोगाचे उत्तर पुरत नाही. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या संपादकांनी इजांच्या संदर्भात 'ॲक्सिडेंट' हा शब्द आपल्या पानांवर वापरू नये असे ठरवले, त्यामागे हेच कारण होते. बहुतेक इजांचा अंदाज आधी येऊ शकतो व त्या टाळता येतात; ज्या शब्दामुळे त्या अटळ भासतात, तो शब्द वैद्यकाने वापरू नये, अशी त्यांची भूमिका होती.

ही भूमिका नवी वाटत असेल, तर चरकसंहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय काढून पाहावा. काम्पिल्य नगराजवळ गंगेच्या काठी पुनर्वसू आत्रेय आपल्या शिष्यांसह हिंडत असताना अग्निवेश त्यांना विचारतो की, प्राण्यांचे आयुष्य नियत आहे की अनियत? शिष्याच्या प्रश्नात भक्तीचा सूर आहे, परंतु गुरूचे उत्तर वैद्याचे आहे. पूर्वदेहात केलेले कर्म ते दैव, या देहात केलेले ते पौरुष, आणि आयुष्य या दोहोंवर अवलंबून असते, असे ते सांगतात. आणि पुढे, सर्वच आयुष्य नियत असते तर उधळलेल्या हत्तीच्या, मारक्या बैलाच्या, दरडीच्या आणि ओढ्याच्या लोंढ्याच्या वाटेतून बाजूला होण्याची कोणाला गरजच भासली नसती, असा युक्तिवाद करतात. मग येतो गाडीच्या आसाचा दृष्टान्त. चांगल्या लाकडाचा, नीट घडवलेला आस गाडीला जोडला, तर तो झिजत झिजत आपल्या ठरलेल्या काळी निकामी होतो. पण तोच आस अतिरिक्त ओझ्याने, खाचखळग्यांच्या वाटेने, वाट सोडून गाडी नेल्याने, चाक मोडल्याने, ओढणाऱ्या जनावराच्या किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने, टोकाची खीळ निसटल्याने आणि वंगण न दिल्याने मध्येच मोडतो. पहिला काळमृत्यू, दुसरा अकाळमृत्यू. आजच्या कोणत्याही चौकशी अहवालात जी कारणे येतात, म्हणजे जादा भार, रस्त्याची दुरवस्था, चालकाचा दोष आणि देखभालीचा अभाव, ती सगळी इथे आली आहेत, आणि ती एका आचार्याने दैवाचे स्थान मान्य करून सांगितली आहेत.

धर्मशास्त्रातही गाडीचा विचार आहे. ज्या मनुस्मृतीचे तिच्यातील अमानुष जातिभेदामुळे १९२७ साली महाडला दहन झाले, आणि ते सर्वस्वी न्याय्य होते, तिच्याच आठव्या अध्यायात रस्त्यावरील गाडीने घडलेल्या हिंसेविषयी काही श्लोक आहेत. त्यांत गाडी, हाकणारा आणि मालक यांना दंड होऊ नये असे दहा प्रसंग सांगितले आहेत: बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी तिरकी झाली किंवा मागे गेली, आस वा चाक मोडले, जुंपणीचे दोर वा कासरा तुटला, अथवा हाकणाऱ्याने 'दूर व्हा' म्हणून ओरडून सावध केले होते. उरलेल्या प्रसंगी दंड आहे, आणि तो कोणाला हे सांगताना स्मृतिकाराने मोठी सूक्ष्मता दाखवली आहे. हाकणाऱ्याच्या अकौशल्यामुळे गाडी भलतीकडे गेली आणि हिंसा घडली, तर दंड मालकाला, दोनशे पण. कारण अशा माणसाच्या हाती कासरा त्याने दिला. हाकणारा जाणता असेल तर दंड त्याचा त्याला. आणि तो जाणता नसेल तर गाडीत बसलेल्या प्रत्येकाला शंभर शंभर पण. ही शेवटची तरतूद वाचून मी बराच वेळ थबकलो होतो. तिच्याकडे मला पुन्हा यायचे आहे. तूर्त एवढेच नमूद करतो की, स्मृतिकार जिथे 'आस मोडला' म्हणून क्षमा करतो, तिथे चरकाचा आत्रेय 'आस का मोडला?' असे विचारतो, आणि दोघांना एकत्र वाचले तर त्या दहा अपवादांपैकी थोडेच टिकतात.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या धार्मिक वाटेने गेला. तिथल्या जुन्या कायद्याप्रमाणे ज्या वस्तूने मनुष्याचा प्राण घेतला, ते चाक असो, घोडा असो की हौद, ती वस्तू किंवा तिची किंमत राजाकडे जप्त होई आणि ती धर्मकार्यासाठी लावावी असा संकेत होता. 'देवाला द्यावयाचे' याच अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून त्याला 'डीओडँड' म्हणत. शतकानुशतके हा एक नाममात्र विधी होऊन राहिला होता. १८४१ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, लंडनहून निघालेली ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी सोनिंगजवळच्या खोल खिंडीत पावसाने घसरून आलेल्या मातीच्या ढिगावर आदळली. गरीब उतारू, त्यांत बहुतेक गवंडी कामगार, इंजिनामागच्या उघड्या, बुटक्या कडांच्या डब्यांत बसवले होते, आणि मागच्या मालडब्यांचा भार त्यांच्यावर आला. दरड कोसळली ती पावसाने, हे खरे. पण उघड्या डब्यांत माणसे आणि त्यांच्या पाठीशी माल अशी रचना पावसाने केलेली नव्हती. पंचांनी इंजिन आणि डबे यांवर हजार पौंडांचा डीओडँड ठरवला. देवाच्या नावाने चालत आलेला एक विस्मृतप्राय विधी अचानक कंपनीच्या तिजोरीपर्यंत पोहोचला. १८४४ च्या कायद्याने तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना छपराचे डबे देणे भाग पडले, आणि १८४६ साली पार्लमेंटने डीओडँड रद्द करून त्याच वर्षी, दुसऱ्याच्या कसुराने मेलेल्या मनुष्याच्या कुटुंबाला भरपाई मागण्याचा हक्क दिला. जे देवाला द्यावयाचे होते ते विधवेला आणि पोरक्या मुलांना मिळू लागले. या बदलाने धर्म कमी झाला असे मला वाटत नाही. तो योग्य ठिकाणी रुजू झाला.

परंतु दैव म्हणून काही उरतेच की नाही? या प्रश्नाला आपल्या दर्शनकारांनी दिलेली शिस्त मला अतिशय मोलाची वाटते. मीमांसक हे यज्ञाचे, म्हणजे न दिसणाऱ्या फळांचे, कट्टर पुरस्कर्ते. तरीही जिथे दृष्ट प्रयोजन संभवते तिथे अदृष्टाची कल्पना करणे अन्याय्य, असा नियम त्यांनीच घालून दिला. यज्ञात भात कांडण्यास सांगितले आहे, ते कशासाठी? कोंडा निघावा म्हणून. हे दिसणारे फळ आहे, तेव्हा कांडण्यातून गूढ पुण्य निर्माण होते असे मानण्याचे कारण नाही. मात्र नखांनी सोलूनही कोंडा निघतो, मग कांडूनच का काढायचा? दृष्टाने ज्याचा उलगडा होत नाही अशा या नियमापुरते अदृष्ट मानावे. आधी दृष्टाला त्याचे पुरे क्षेत्र द्यायचे, आणि जे शेष राहील तेवढेच अदृष्टाच्या खाती मांडायचे, अशी ही व्यवस्था आहे. वैशेषिकांच्या कणादाला चुंबकाकडे सुई का ओढली जाते हे अदृष्टाच्या खाती मांडावे लागले होते. आज ते खाते तिथे बंद झाले आहे, आणि त्यामुळे कणादाचा अपमान होत नाही, उलट त्याचाच नियम पाळला जातो. बौद्धांच्या संयुक्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की, मनुष्य जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण म्हणतात, ते खरे काय? बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुपालट, विषम वर्तन, बाहेरून झालेला आघात ही कारणे क्रमाने सांगतात आणि कर्मविपाकाचा उल्लेख आठव्या क्रमांकावर करतात. जे सर्व काही पूर्वकर्मावर ढकलतात ते स्वतःला आणि जगाला ठाऊक असलेल्या गोष्टीच्या पलीकडे धाव घेतात, असे ते स्पष्ट बजावतात. कर्मसिद्धान्तावर ज्याची सारी शिकवण उभी, त्या शास्त्यानेच ही मर्यादा घालावी, याचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही.

आता त्या शेषाविषयी. घाटात बस कोसळली. ब्रेक निकामी होते, हे चौकशीत निष्पन्न झाले. दोषी कोण हेही ठरले. तरी ज्या आईचा मुलगा त्या बसमध्ये होता, तिच्या प्रश्नाला या तपासाने उत्तर मिळत नाही. ती विचारते की, रोज सकाळच्या गाडीने जाणारा माझा मुलगा त्याच दिवशी दुपारच्या गाडीने का गेला? इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने आफ्रिकेतील अझांदे लोकांविषयीच्या १९३७ च्या ग्रंथात हाच प्रश्न नोंदवला आहे. धान्याची कोठी कोसळून तिच्या सावलीत बसलेली माणसे मरतात; वाळवीने खांब खाल्ले हे अझांदेला ठाऊक असते, पण हीच माणसे याच क्षणी तिथे का होती, हे त्याला विचारायचे असते, आणि तिथे तो चेटकाचे कारण देतो. आपण वेळ भरल्याचे देतो. ॲरिस्टॉटल म्हणेल की, या प्रश्नाला उत्तरच नाही. तो कदाचित बरोबर असेल. पण मुलाच्या चितेपासून परत आलेल्या आईला ते ऐकवण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. तिने 'त्याची वेळ भरली होती' असे म्हटले, तर त्या वाक्यापुढे नम्र व्हावे, कारण दृष्टाची हद्द जिथे संपते तिथे उभी राहून ती ते बोलते आहे. तेच वाक्य बसच्या मालकाच्या तोंडून, पुलाच्या कंत्राटदाराच्या तोंडून किंवा ज्याच्या सहीने गाडीला योग्यतेचा दाखला मिळाला त्या अधिकाऱ्याच्या तोंडून आले, तर तो अपहार आहे, कारण त्या शेषावर त्याचा हक्कच नाही. त्याचा हिशेब अजून दृष्टातच बाकी आहे.

निसर्गाच्या उत्पातांतही हा भेद लागू पडतो. १७५५ साली सर्व संतांच्या सणाच्या सकाळी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, आणि व्होल्तेरने त्यावरून ईश्वराच्या न्यायबुद्धीलाच आव्हान देणारे काव्य लिहिले, तेव्हा रूसोने त्याला पत्र पाठवून कळवले की, सहासात मजल्यांची वीस हजार घरे त्या जागी निसर्गाने दाटीवाटीने उभी केली नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात सुमारे आठ हजार माणसे दगावली, ती प्रामुख्याने दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे अंगावर येऊन. मराठवाड्याच्या उन्हात त्याच माळवदाने पिढ्यान्‌पिढ्या गारवा दिला होता, आणि ते बांधणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्याची कल्पनाही मला सहन होत नाही; परंतु भिंतीला मध्ये पट्टा कसा घालावा हे ज्यांना ठाऊक होते, त्यांचे ज्ञान त्या गावांपर्यंत पोहोचले नव्हते, हा दृष्टाचाच भाग होता. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाचे ईश्वरी शासन म्हटले, आणि रवींद्रनाथांनी त्याचा जाहीर निषेध केला. गांधीजींचा हेतू थोर होता, ते ज्या पापाविषयी बोलत होते ते पाप खरेच होते, आणि तरीही या वादात मला रवींद्रनाथांची बाजू घ्यावी लागते. त्या ढिगाऱ्यांखाली अस्पृश्य मानली गेलेली माणसेही मेली होती. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यावरच शासन, असा न्याय ईश्वराच्या नावे मांडता येत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. घाटातल्या त्या बसला हे विवेचन लावून पाहावे. रस्ता आणि त्याचा कठडा हे अधिष्ठान, चालक हा कर्ता, ब्रेक, टायर आणि दिवे ही करणे, वळणावर केलेली घाई ही चेष्टा; आणि या चौघांचा हिशेब मांडून झाल्यावर पाचवे दैव. मी एकटाच कर्ता, असे मानणाऱ्याची बुद्धी अपक्व, असेही तिथेच पुढे सांगितले आहे, आणि त्याचा अर्थ पुष्कळदा उत्तरदायित्वातून सुटका असा लावला जातो. १९५६ च्या नोव्हेंबरात, तेव्हाच्या मद्रास राज्यात, अरियलूरजवळ पुराने रेल्वेचा पूल ढासळला आणि शंभराहून अधिक उतारू मृत्युमुखी पडले. पूर आला, यात रेल्वेमंत्र्याचे कर्तृत्व काहीच नव्हते. तरी लालबहादुर शास्त्रींनी राजीनामा दिला. तो स्वीकारताना नेहरूंनी संसदेत सांगितले की, शास्त्रींचा दोष आहे म्हणून तो स्वीकारलेला नाही, तर जबाबदारीचा पायंडा पडावा म्हणून. आपण एकटे कर्ते नाही हे शास्त्रींना पुरते ठाऊक होते; जे पाचव्या खात्यात सहज टाकता आले असते, ते त्यांनी स्वतःच्या नावे मांडून घेतले. निरहंकारी कर्तृत्वाचे याहून चांगले भाष्य मला आढळलेले नाही. रेल्वेच्या दुर्घटनांची चौकशी करणारे सुरक्षा आयुक्त आपल्या देशात रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या कक्षेत ठेवलेले आहेत, ही व्यवस्थाही मला त्याच विवेकातली वाटते. ज्याचा कसूर असण्याचा संभव आहे, त्यानेच दृष्ट आणि अदृष्ट यांची सीमा आखू नये.

आणि आता गाडीत बसलेल्यांना झालेला तो शंभर पणांचा दंड. आजचा कायदा प्रवाशाला असा दंड करीत नाही, आणि एका अर्थी ते योग्यच आहे. शाळेला जाणाऱ्या मुलीला दुसरी गाडीच नसेल, तर तिने निवड केली असे म्हणता येत नाही. परंतु ज्यांना निवड आहे अशा आपल्यासारख्यांचे काय? सातारा-सांगलीकडच्या वडापमध्ये दहांच्या जागी अठरा बसले असता एकोणिसाव्याला जागा करून देताना आपण त्यालाच माणुसकी म्हणतो. लग्नाचे वऱ्हाड रातोरात परत यायचे असते, चालक आदल्या रात्रीपासून जागा असतो, त्याचे डोळे तांबारलेले सर्वांना दिसतात, आणि मुहूर्ताची घटिका पळांच्या हिशेबाने काढणाऱ्या त्या मंडळींत 'तुम्ही शेवटचे झोपलात कधी?' एवढे त्याला विचारणारा कोणी निघत नाही. विचारावे, आणि उत्तर ऐकून वऱ्हाड सकाळपर्यंत थांबवावे. नवरीकडच्यांना चार गाद्या जास्त घालाव्या लागतील, कोणाची रजा बुडेल, कोणी वडीलधारे नाराज होतील. चालकाला मात्र तोंडाने मागता आली नसती अशी एक झोप मिळेल.